शास्ता गेल्यावर

पावेहून कुसिनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर महाकस्सप आपल्या भिक्खूंसह एका झाडाखाली विसाव्याला बसले होते. समोरून आजीवक पंथाचा एक साधू आला. हातात मंदारवाचे फूल. आमच्या शास्त्यांना, म्हणजे गुरू बुद्धांना, ओळखता का, असे कस्सपांनी विचारले. ओळखतो, तो म्हणाला, श्रमण गोतमाला जाऊन आज सात दिवस झाले, हे फूल मी तिथूनच आणले. ऐकताच काही भिक्खूंनी हंबरडा फोडला, काही जमिनीवर लोळले. ज्यांचे मन मुरलेले होते ते गप्प राहिले. तेवढ्यात म्हातारपणी दीक्षा घेतलेला सुभद्द नावाचा भिक्खू बोलून गेला : रडता कशाला, सुटलो एकदाचे. हे चालेल, ते चालणार नाही, असा सारखा जाच होता. आता मनाला येईल ते करू.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात हा प्रसंग खुद्द कस्सप सांगतात, आणि तोही भरसभेत. घरातला असा उद्गार कुठलाही संप्रदाय सहसा झाकून ठेवेल. भिक्खूसंघाने तो पाठ करून जपला, कारण पुढे जे घडले त्याचे कारण त्यांच्या लेखी हेच होते. काळ इ.स.पू. पाचव्या शतकातला, फार तर चौथ्याच्या उंबरठ्यावरचा. नेमक्या सालाचा वाद अभ्यासकांकडे सोपवू.

बुद्धांनी वारस नेमला नव्हता. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य त्यांच्या आधीच गेले होते. देवदत्ताने पूर्वी एकदा संघाची सूत्रे आपल्याकडे मागितली, तेव्हा बुद्धांनी त्याला झिडकारले होते. शेवटच्या दिवसांत आनंदाला त्यांनी सांगितले ते एवढेच, की मी शिकवलेला धम्म आणि घालून दिलेला विनय हाच माझ्यामागे तुमचा शास्ता. बारीकसारीक नियम संघाला वाटल्यास रद्द करता येतील, असेही ते म्हणाले. बारीकसारीक म्हणजे नेमके कोणते, हे विचारायचे आनंदाला त्या दुःखात सुचले नाही. याची किंमत त्याला लवकरच मोजावी लागणार होती.

धोका काय आहे हे भिक्खूंनी जवळून पाहिले होते. जैनांचे तीर्थंकर महावीर, ज्यांना पाली ग्रंथ निगंठ नातपुत्त म्हणतात, ते पावेला वारले तेव्हा त्यांच्या अनुयायांत जुंपली, अशी बातमी आनंदापर्यंत आली होती. ही बौद्धांची बाजू आहे, जैन परंपरा तसे सांगत नाही. पण भीती खरी होती. शेकडो भिक्खू मगध, कोसल, वज्जी, अवंती असे विखुरलेले. वर्षातले तीन महिने सोडले तर पाय सतत वाटेवर. लिहिलेले एक अक्षर नाही. ज्याने जे ऐकले तेच त्याच्यापाशी.

अस्थींचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामगामचे कोलिय अशा मागणीदारांनी कुसिनाऱ्याच्या मल्लांकडे माणसे धाडली. मल्ल द्यायला तयार होईनात. प्रकरण हातघाईवर यायच्या बेतात होते. दोण नावाच्या ब्राह्मणाने मध्यस्थी करून आठ वाटे केले, मोजायचे भांडे स्वतः मागून घेतले, आणि उशिरा पोचलेल्या पिप्पलीवनाच्या मोरियांना चितेतले निखारे मिळाले. यातला वैशालीचा वाटा बहुधा सापडला आहे. कोल्हापूरकडचे इतिहासकार अ. स. अळतेकर यांच्या देखरेखीखाली १९५८ साली वैशालीचा एक मातीचा जुना स्तूप उकरला गेला. आत साबणदगडाची लहानशी डबी होती. तिच्यात राखमिश्रित माती, एक छोटा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याचा पातळ पत्रा आणि तांब्याचे एक नाणे निघाले.

या वाटणीत भिक्खू कुठेच नाहीत. अस्थी राजांच्या आणि गणांच्या वाट्याला गेल्या. भिक्खूंच्या वाट्याला आले ते शब्द, आणि त्यांची वाटणी करायची नव्हती; ते एके ठिकाणी गोळा करायचे होते.

त्यासाठी कस्सपांनी राजगृह निवडले. कारण व्यवहारी होते : तिथे राहायला विहार होते आणि पोटापुरती भिक्षा मिळण्याची खात्री होती. पाचशे भिक्खू निवडायचे ठरले. त्या पावसाळ्यात बाकीच्या कोणी राजगृहात वर्षावास करू नये, असा ठराव झाला. वर्षावासाचा पहिला महिना गेला तो पडझड झालेल्या विहारांची डागडुजी करण्यात. दुसऱ्या महिन्यात संगीती, म्हणजे एकत्र पठणाची सभा, सुरू झाली. नंतरच्या परंपरेने तिचे स्थान वेभार डोंगरावरची सप्तपर्णी गुहा असे सांगितले आणि अजातशत्रूने तिथे मंडप घातल्याचे वर्णन केले.

निवडताना कस्सपांनी एक जागा रिकामी ठेवली होती. बुद्धांची पंचवीस वर्षे सावलीसारखी सोबत केलेल्या आनंदाइतके कोणीच ऐकलेले नव्हते. पण तो अजून अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला नव्हता. भिक्खूंच्या आग्रहाने त्याला घेतले गेले. सभेच्या आदल्या रात्री तो उशिरापर्यंत जागत राहिला, पहाटे आडवा व्हायला गेला, आणि पाय जमिनीवरून सुटले, डोके अजून उशीला टेकले नाही, एवढ्या अंतरात मुक्त झाला, असे ग्रंथ म्हणतात. श्रद्धेचा भाग सोडला तरी सभेला तो पाचशेवा माणूस हवाच होता, हे उघड आहे.

विनयाबद्दल प्रश्न विचारले गेले ते उपालीला. उपाली मूळचा शाक्यांचा न्हावी. ज्या समाजात कोणी कोणासमोर बसावे हेही जन्मावरून ठरत होते, तिथे पाचशे जणांच्या सभेत नियम काय आहे हे एक न्हावी सांगत होता आणि ब्राह्मण कुळातले कस्सप त्याला विचारत होते. प्रश्नांची पद्धत एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या उलटतपासणीसारखी : पहिला पाराजिक, म्हणजे मोडला की संघातून कायमचे बाद करणारा नियम, कुठे घालून दिला? वैशालीला. कोणामुळे? कलंदपुत्र सुदिन्नामुळे. कशावरून? मग प्रसंग, नियम, पोटनियम, अपवाद. उपाली झाल्यावर सुत्तांबद्दल, म्हणजे उपदेशांबद्दल, आनंद. ब्रह्मजालसुत्त कुठे सांगितले? राजगृह आणि नालंदा यांच्यामध्ये, अंबलट्ठिकेच्या राजविश्रामगृहात. त्यामुळेच पाली सुत्तांची सुरुवात, मी असे ऐकले, या आनंदाच्या साक्षीने होते.

मग आनंदाने त्या बारीकसारीक नियमांचा विषय काढला. सभेत एकमत होईना. कोणी म्हणे चार पाराजिक सोडून बाकी सारे बारीक, कोणी म्हणे त्याखालोखालचे तेरा संघादिसेसही धरा, कोणी आणखी पुढे गेले. अखेर कस्सपांनी ठराव मांडला. हे नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत. आज आपण काही गाळले तर लोक म्हणतील, श्रमण गोतमाचे नियम त्याच्या चितेचा धूर विरेपर्यंतच टिकले. तेव्हा नवे घालायचे नाही, जुने काढायचे नाही. सभा गप्प राहिली, आणि गप्प राहणे म्हणजे मान्यता, हा संघाचा रिवाज.

माझ्या मते त्या पावसाळ्यातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच. बुद्धांनी दार किलकिले ठेवले होते. शिष्यांनी ते लावून घेतले. त्यांनी तसे का केले हेही समजण्याजोगे आहे. रोज सकाळी पात्र घेऊन ज्यांच्या दारात उभे राहायचे, त्यांच्या नजरेत उतरून कसे चालेल? पण त्यानंतर एखादा नियम काळाला किंवा मुलखाला जुळेनासा झाला, की तो बदलण्याचा राजमार्ग उरला नाही. उरल्या त्या पळवाटा, नाहीतर भांडणे.

ठराव होताच सभेची नजर आनंदाकडे वळली. कोणते नियम बारीक हे शास्त्यांना विचारले नाहीस. त्यांचे वर्षावासाचे वस्त्र शिवताना त्यावर पाय दिलास. देहाचे पहिले दर्शन स्त्रियांना घेऊ दिलेस आणि त्यांच्या आसवांनी देह भिजला. आणखी काळ राहावे अशी शास्त्यांना विनंती केली नाहीस. आणि शेवटचा दोष : स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून खटपट केलीस. आनंदाने प्रत्येक ठिकाणी खुलासा केला. वस्त्रावर पाय अनादराने पडला नव्हता. स्त्रियांना घरी परतायला अंधार होऊ नये म्हणून आधी सोडले. महापजापती गोतमीने शास्त्यांना लहानपणी दूध पाजून वाढवले, म्हणून तिच्यासाठी बोललो. यात मला दोष दिसत नाही, पण तुमच्यावरच्या श्रद्धेपोटी कबूल करतो, असे त्याने दर वेळी म्हटले. मान तुकवली आणि मतही सोडले नाही.

कस्सप आणि आनंद यांचे पटत नसे, हे इतरत्रही दिसते. दक्षिणागिरीत आनंदाचे तीस तरुण शिष्य चीवर टाकून घरी गेले, तेव्हा कस्सपांनी त्याला पोरसवदा म्हणून हिणवले; माझ्या डोक्यावर केस पिकले आहेत, असे आनंदाने उत्तर दिले. एक अरण्यात राहणारा कडक तपस्वी, दुसरा माणसांत रमणारा. संगीतीच्या पाचशेंत एकही भिक्खुणी नव्हती, आणि स्त्रियांबद्दलचा आरोप कोणाच्या तोंडून येतो हे त्या संदर्भात वाचावे लागते.

संगीती संपता संपता पुराण नावाचे स्थविर आपल्या भिक्खूंसह दक्षिणागिरीतून आले. झालेले संकलन तुम्हीही स्वीकारा, असे त्यांना सांगितले गेले. छान झाले आहे, ते म्हणाले, पण मी मात्र शास्त्यांच्या तोंडून जे ऐकले तेच धरून चालेन. त्यांच्यावर कारवाई झाली नाही, वादही झाला नाही. सक्ती करायला कोणी होतेच कुठे?

आनंदावर मात्र एक काम उरले होते. छन्न नावाच्या उर्मट भिक्खूला ब्रह्मदंड द्यावा, म्हणजे त्याच्याशी कोणी बोलू नये, असे बुद्धांनी सांगून ठेवले होते. तो कोसंबीला होता. छन्न तापट, म्हणून आनंदाबरोबर पाचशे भिक्खू नावेने निघाले. कोसंबीला उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजा संतापला : हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार आहे काय? त्याने आनंदाला गाठून विचारले, इतक्या वस्त्रांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. आणि जुन्या चीवरांचे? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकीही फाटली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायला घेऊ. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. छन्न दंडाचे नाव ऐकूनच कोसळला आणि पुढे सुधारला.

याच सुमारास राजगृहात एक संवाद झाला, तो मज्झिमनिकायात आहे. अवंतीच्या प्रद्योताच्या भीतीने अजातशत्रू शहराची तटबंदी पक्की करून घेत होता. मगधाचा महामात्य वस्सकार काम पाहायला आला होता, त्याची आनंदाशी गाठ पडली. वस्सकार सत्तेच्या गणितात मुरलेला. त्याने विचारले, गोतमाने आपल्यामागे कोणाला नेमले? कोणालाच नाही. मग संघाने कोणाला निवडले असेल? तेही नाही. मग हा कारभार एकत्र राहतो कसा? आनंदाने सांगितले, एका गावाच्या हद्दीतले भिक्खू उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या सभेच्या, दिवशी जमतात, ज्याला पातिमोक्ख, म्हणजे नियमांचा पाठ, येतो त्याला म्हणायला लावतात, कोणाकडून चूक झाली असेल तर नियमाप्रमाणे निवाडा करतात. आमच्याकडून हे कोणी माणूस करून घेत नाही, धम्म करून घेतो. वस्सकाराला ते किती पटले कोण जाणे. वज्जींचे गणराज्य फोडण्याच्या कामात ज्याचे नाव घेतले जाते, तोच हा माणूस.

आनंदाने सांगितली ती पद्धत वज्जींसारख्या गणराज्यांतूनच उचललेली असावी. ठराव मांडणे, तो तीनदा ऐकवणे, गणसंख्या मोजणे, मतभेद मिटेना तर शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून मते घेणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भारताला संसदीय कामकाज नवे नाही हे सांगताना दाखला दिला तो या भिक्खूसंघांचाच.

या पद्धतीची खरी परीक्षा साधारण शंभर वर्षांनी वैशालीत झाली. यस काकंडकपुत्त नावाचे स्थविर फिरत फिरत तिथे पोचले. उपोसथाचा दिवस होता. तिथल्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी काशाचे पात्र पाण्याने भरून संघाच्या मधोमध ठेवले होते आणि येणाऱ्या उपासकांना ते सांगत होते : संघासाठी कार्षापण टाका, अर्धा टाका, पाव टाका, मासा टाका, संघाला गरज लागते. देऊ नका, यस सगळ्यांदेखत म्हणाले, शाक्यपुत्र श्रमणांना सोनेनाणे वर्ज्य आहे. लोकांनी तरीही दिले. नंतर वाटणी झाली तेव्हा यसांचाही हिस्सा काढला गेला. त्यांनी तो नाकारला. उपासकांना दुखावले, त्यांची क्षमा मागा, अशी शिक्षा त्यांना मिळाली. ते गेले, पण क्षमा मागायच्या ऐवजी त्यांनी उपासकांना नियमच समजावून सांगितला, आणि लोक त्यांच्या बाजूचे झाले. मग वैशालीकर त्यांना बहिष्कृत करायला उठले.

वैशालीकरांच्या दहा सवलतींवरून वाद पेटला. शिंगात मीठ साठवून ठेवणे, सावली माध्यान्हानंतर दोन बोटे सरकेपर्यंत जेवणे, अर्धवट आंबलेली ताडी पिणे, दशा नसलेले आसन वापरणे, आणि सोनेरुपे घेणे. मिठावरून एवढे रामायण कशाला, असे आज वाटेल. पण साठवणे म्हटले की उद्याची चिंता आली, आणि उद्याची चिंता नसणे हाच तर भिक्खूच्या जगण्याचा पाया होता. खरा काच पैशाचा होता. वैशाली व्यापारी शहर, नाणी हातोहात फिरत होती. भिक्षेत धान्याऐवजी नाणे पडू लागले तर ते नाकारायचे का, हा प्रश्न वैशालीकरांपुढे रोजचा होता.

यसांनी कोसंबी गाठून पश्चिमेला आणि अवंती-दक्षिणापथाकडे निरोप धाडले. पश्चिमेकडून साठ आणि अवंती-दक्षिणापथातून अठ्ठ्याऐंशी भिक्खू अहोगंग डोंगरावर जमले. गंमत अशी की याच अवंतीसाठी खुद्द बुद्धांनी नियम सैल केले होते. तिथे भिक्खू इतके कमी की दीक्षेला लागणारे दहा जण जमवायला सोण कुटिकण्णाला तीन वर्षे थांबावे लागले. तेव्हा बुद्धांनी पाचांची परवानगी दिली. शिवाय तिथली जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, म्हणून जाड तळव्याची पादत्राणेही चालतील म्हणाले. माळव्याच्या किंवा मराठवाड्याच्या काळीतून उन्हाळ्यात अनवाणी गेलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण ही सूट शास्त्यांनी दिलेली होती, वैशालीकरांची त्यांनी स्वतः घेतलेली. भांडण त्या फरकाचे होते.

दोन्ही पक्षांना रेवत हवे होते. सोरेय्याचे हे विद्वान स्थविर माणसांचा लोंढा येतोय म्हटल्यावर आधीच निघाले. लोक त्यांच्या मागे संकस्स, कन्नकुज्ज करत हिंडले आणि सहजातीला त्यांना गाठले. वैशालीकरही नावेत पात्रे, चीवरे, सुईघरे, कमरपट्टे, पाणी गाळायची फडकी भरून तिथे हजर झाले. रेवतांनी सगळे परत केले. मग त्यांनी रेवतांच्या उत्तर नावाच्या सेवकाला धरले. त्याने आग्रहापोटी एक चीवर घेतले. बदल्यात त्याने एवढेच म्हणायचे होते, की बुद्ध पूर्वेकडच्या देशांत जन्मतात, तेव्हा पूर्वेकडचेच खरे धम्मवादी. त्याने तसे सांगताच रेवतांनी त्याला दूर केले.

निवाडा वैशालीतच झाला, सातशे भिक्खूंसमोर. सभेत बोलणे संपेना, म्हणून आठ जणांची समिती नेमली : चार पूर्वेचे, चार पश्चिमेचे. आसने मांडण्याचे काम अजित नावाच्या तरुण भिक्खूकडे दिले. वालिकारामात रेवतांनी एकेक मुद्दा विचारला आणि दीक्षेनंतर एकशेवीस वर्षे झाल्याचे सांगितले जाते त्या सब्बकामींनी उत्तरे दिली. वर्ज्य, असे उत्तर आले की एक शलाका खाली ठेवली जाई. सब्बकामी स्वतः पूर्वेकडचे, तरी निकाल त्यांच्याच प्रांताविरुद्ध गेला.

चुल्लवग्ग इथे थांबतो. पुढची फूट मात्र टळली नाही. श्रीलंकेची बखर दीपवंस म्हणतो, हरलेल्यांनी वेगळी महासंगीती भरवली आणि महासांघिक झाले. महासांघिकांचा एक ग्रंथ उलटे सांगतो, की स्थविरांनीच नियम वाढवले आणि बहुसंख्य लोक जुन्याला चिकटून राहिले. राजगृहात बंद झालेल्या दारापाशी दोघेही उभे होते, आणि दोघेही म्हणत होते की किल्ली आमच्याकडे आहे.

अशोकाच्या काळापर्यंत हा प्रश्न राजदरबारी गेला होता. सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या स्तंभांवर त्याने कोरून ठेवले, की संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला किंवा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे. ज्या संघाने उपोसथाला आपापसात निवाडा करायचा, तिथे आता महामात्र, म्हणजे राजाचे अधिकारी, आले. बैराटच्या लेखात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी सात धम्मवचने नावानिशी दिली. गोव्यात सांखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी १९१२ साली ती पाली त्रिपिटकातल्या कोणत्या सुत्तांशी जुळतात हे दाखवायचा प्रयत्न केला. आनंदाच्या पाठातले काही तोवर लोकांच्या तोंडी नावानिशी रुळले होते, एवढे त्यावरून नक्की होते. पुस्तकात ते उतरले ते इ.स.पू. पहिल्या शतकात, श्रीलंकेत.

श्रीलंकेच्या बखरींनुसार अशोकाच्याच काळात अपरांतात आणि महाराष्ट्रात धम्मप्रसारक पाठवले गेले. तीनेकशे वर्षांनी आपल्याकडे लेणी भरभराटीला आली, तेव्हा वैशालीच्या भांडणातून निघालेल्या शाखा सह्याद्रीत स्थिरावल्या होत्या. नाशिकला राजमाता गौतमी बलश्रीने दिलेले लेणे भद्रायणीय शाखेचे. कार्ल्याला राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दिला तो महासांघिकांना. आणि त्याच कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचे दान आहे. लेखात तो आपली ओळख दोनच गोष्टींनी देतो : शाखेने धम्मुत्तरीय, कामाने भाणक, म्हणजे सुत्ते पाठ म्हणणारा.